व्यवसायाची आयडिया शोधायचं ओझं मुलावर टाकू नका

प्रश्न : मुलगा एस.वाय.बी.कॉम.ला आहे, एफ.वाय.ला 61 टक्के होते. मी भोसरीच्या कंपनीत 27 वर्षं तीन पाळ्यांत काढली. त्याने असं राबू नये. एकदा बसवून दिला की आपोआप चालेल आणि पॅसिव्ह इन्कम देईल असा व्यवसाय सुचवा. 45,000 रुपयांचा ऑटोमेटेड ड्रॉपशिपिंगचा (माल स्वतःकडे न ठेवता पुरवठादाराकडून थेट गिऱ्हाइकाला पाठवायचा ऑनलाइन धंदा) कोर्स बघून ठेवलाय, भांडवलासाठी 6 लाखांची एफडी मोडायचीही तयारी आहे. पण तो मनावरच घेत नाही. रोज विचारतो, काही आयडिया सापडली का, तर हल्ली आमच्याबरोबर जेवायलाही बसत नाही. शनिवार-रविवार मित्राच्या मामाबरोबर वॉटर फिल्टर दुरुस्त करत वेळ घालवतो.
– एक पालक, धायरी

उत्तर : नमस्कार. जेवणाचं ते वाक्य वाचून मला काळजी वाटली. ताटावर बसलं की रोज तोच प्रश्न, आणि उत्तर आपल्याकडे नाही; मग मुलगा ताटच टाळायला लागतो. पाळ्यांनी तुमची किती झीज झाली असेल ते मी समजू शकते, आणि मुलाला त्यातून वाचवायची तुमची तळमळही खरी आहे. पण तुम्ही त्याच्याकडे जे मागताय ते धंद्यात मुरलेल्या माणसालाही झटकन जमत नाही. घरात हा विषय आजपासून बंद करा.

आता 'आपोआप'चं बघू. ड्रॉपशिपिंगमध्ये ऑर्डर पुरवठादाराकडे आपोआप जाते, एवढं खरं. पण जाहिरातीवर पैसे ओतत राहावे लागतात. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल गिऱ्हाइकाने दारातूनच परत पाठवलं की जाण्या-येण्याचं भाडं बहुतेकदा विकणाऱ्याच्या अंगावर येतं. आपण हातही न लावलेला माल खराब निघाला तर शिव्या आपल्याला. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. हे सगळं ज्याने स्वतः निस्तरलंय, त्यालाच यातलं कोणतं काम सॉफ्टवेअरवर सोपवायचं ते कळतं. त्या कोर्सचे पैसे भरू नका. एफडीला तर हातच लावू नका. 7 टक्के व्याज धरलं तर 6 लाखांवर महिन्याला 3,500 रुपये होतात, आणि हातपाय न हलवता मिळणारं उत्पन्न म्हणतात ते हेच. तुमच्या निवृत्तीला ते लागणार आहे.

ज्याला तुम्ही वेळ घालवणं म्हणता, तिथे मला जास्त रस आहे. तुमच्या भागात अनेक सोसायट्यांना टँकरचं, बोअरचं पाणी. जड पाण्याने आरओ फिल्टरचा मेम्ब्रेन, म्हणजे क्षार गाळणारा पडदा, लवकर चोंदतो. गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर आणि कार्बन फिल्टर ठरावीक काळाने बदलावेच लागतात. म्हणजे एकदा जोडलेलं घर पुन्हा पुन्हा बोलावतं. वर्षाच्या देखभालीचा करार, एएमसी, यातून तुम्हाला हवं तसं नियमित उत्पन्न उभं राहू शकतं. कोणाकडचा फिल्टर कधी बदलायचा याची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण, बिल, क्यूआरवर पैसे, एवढं खरोखर आपोआप होऊ शकतं आणि बी.कॉम.च्या मुलाला ते बसवता येईल. फिल्टर बदलायला मात्र माणूसच जाणार. आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर बुडवून, "काकू, तुमच्याकडे खडकवासल्याचं पाणी येतं, टीडीएस 500 च्या बराच खाली आहे, आरओ कशाला घेताय, जंतू मारणारा यूव्ही पुरे," असं सांगणाऱ्या मुलाला सगळी सोसायटी बोलावते.

त्याला हे काम आवडतं का? पत्रावरून तरी तुम्ही त्याला हे विचारलेलं दिसत नाही. एखाद्या रविवारी त्याच्याबरोबर जा, अवजारांची पिशवी धरा आणि सल्ला न देता नुसतं बघा.

बी.कॉम. पूर्ण होऊ द्या. सीए, एमबीए, बँकेच्या परीक्षा त्यानंतरही देता येतात. पुढे स्वतःचं दुकान टाकावंसं वाटलं तर शिवाजीनगरच्या जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची, म्हणजे व्यवसायाच्या कर्जावर अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेची, चौकशी करा. सेवा व्यवसायासाठी 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो. पण ती घाई आज नाही.

परीक्षा झाली की त्याला माझ्याकडे पाठवा. पहिल्या भेटीला त्याला एकट्यालाच येऊ द्या.