छोट्या गावातलं एएम स्पोर्ट्स रेडिओ स्टेशन आजच्या काळात चालतं कसं? ऐकतं तरी कोण?

इलिनॉयमधल्या एका लहान गावात राहतो आणि गावचं स्टेशन रोज गाडीत ऐकतो, तेवढ्या भांडवलावर लिहितोय.

खरं सांगायचं तर दिवसभर त्यात गावचं असं काहीच नसतं. ईएसपीएनसारख्या मोठ्या नेटवर्कच्या चर्चा उपग्रहावरून येतात, त्या तशाच पुढे सोडतात. स्टुडिओत माणूस असेलच असं नाही. स्टेशन जगतं ते शुक्रवारी संध्याकाळी सातला सुरू होणाऱ्या हायस्कूल फुटबॉलवर (म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल; आपल्याकडचा फुटबॉल तो इथे सॉकर). ट्रॅक्टरचा डीलर, गावातली बँक, पिझ्झावाला, झालंच तर अंत्यविधीची व्यवस्था बघणारे (हो, तेसुद्धा!) त्या सामन्याला जाहिराती देतात. आमच्याकडे जाहिराती गोळा करणारा आणि कॉमेंट्री करणारा माणूस एकच. श्रोते किती, असं त्याला कुणी विचारत नाही. डीलरचा नातू संघात असला की काम झालं.

आता गंमत बघा. एएम स्टेशनच्या मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या कडेकडेने जातात. वर गेलेल्या लहरी वातावरणातला एक थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि त्याच लहरी आणखी वरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर दुसऱ्याच कुणाच्या स्टेशनावर जाऊन आदळतात. म्हणून एफसीसीने (रेडिओचे नियम ठरवणारी अमेरिकी सरकारी संस्था) अशा कित्येक लहान स्टेशनांना सूर्यास्तानंतर ताकद कमी करायला लावली आहे. दिवसा हजार वॅटवर बोलणारं स्टेशन रात्री शंभराच्याही खाली येतं. वेळ दर महिन्याची ठरलेली. ऑगस्टअखेरीस पहिलं क्वार्टर (सामन्याचा पहिला चौथा भाग) तरी खणखणीत ऐकू येतं, सप्टेंबरात किकऑफ (सामन्याची सुरुवात) आणि ताकदीची कपात साधारण एकाच सुमाराला, ऑक्टोबरात तर सामन्याआधीच आवाज बसलेला. स्टेशन खेळाचं, आणि ऐन खेळाच्या वेळी घसा धरतो! सेंट लुईसच्या केएमओएक्सची गोष्ट वेगळी, ते ११२० किलोहर्ट्झवर रात्रीही ५०,००० वॅटने गर्जतं.

यावर तोड म्हणून आता बरीच एएम स्टेशनं २५० वॅटपर्यंतचा छोटा एफएम ट्रान्समीटर जोडीला ठेवतात. शिवाय इंटरनेट आहेच.

माझा मुलगा सॉकर खेळणारा, म्हणून फुटबॉलच्या संघाने त्याला किकर केलं, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून धाडणारा. पहिल्या सामन्याआधी कॉमेंटेटर हातात पुठ्ठा घेऊन आमच्याकडे आला. त्यावर प्रत्येक खेळाडूचा नंबर आणि नाव. "आडनाव कसं म्हणायचं?" क्षीरसागर. त्याने चारदा घोकलं, पेन्सिलीने तोडून तोडून लिहून घेतलं, आणि प्रक्षेपणात "शीर-सॅगर" म्हणाला. ठीक आहे, 'क्ष' आमच्या पोरालाही धड येत नाही.

तुम्ही विचारलंत, ऐकतं कोण. सांगलीला आमचे अण्णा ऐकतात. आकाशवाणीवरच्या मराठी क्रिकेट कॉमेंट्रीवर वाढलेला माणूस. आमचे शुक्रवारचे सात म्हणजे तिकडे शनिवारी पहाटेचे साडेपाच. चहाच्या कपाशेजारी मोबाईल ठेवून बसतात, आणि मध्येच मला फोन करून "फर्स्ट डाउन म्हणजे नक्की काय रे?" विचारतात.

मागच्या ऑक्टोबरात सामना परगावी होता आणि मी रात्रपाळीला निघालो होतो. गावाबाहेर बारा मैलांवर रेडिओत नुसती खरखर, मधूनच कुठली तरी स्पॅनिश गाणी. मी खुंटी पिळत बसलोय, तेवढ्यात सांगलीहून फोन:

"अरे, पोराची किक गेली आत! ऐकलंस की नाही?"