विंडोज ७ ठेवा, पण त्याचं नेट तोडा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. घरी २०११ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. दुसऱ्या पिढीचा आय ३, ४ जीबी रॅम, विंडोज ७. बाबा त्यावर श्री-लिपि (मराठी टायपिंग आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर) आणि कोरल ड्रॉमध्ये लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स करतात. मेल, व्हॉट्सॲप वेब, लाइट बिल, बँक हेही सगळं त्याच्यावरच. क्रोम उघडलं की वर अपडेट मिळणार नाही अशी पट्टी येते. एका मित्राने सांगितलं चांगला अँटीव्हायरस टाक, दुसऱ्याने सांगितलं भंगारात दे. आणि बाबा म्हणतात, नवीन घेतला तर माझं श्री-लिपि कोण चालवून देणार?

बाबांचं म्हणणं बरोबर आहे, त्यामुळे भंगाराचा सल्ला आधी बाजूला ठेवू. डोंगलवर (मशीनला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालणारं जुनं श्री-लिपि, वर्षानुवर्षांच्या कोरल फायली आणि प्रत्येक फाइलमध्ये श्री-देव ०७१४ सारखे फॉन्ट असा संसार नव्या विंडोजवर हलवणं म्हणजे नवं व्हर्जन, नवं लायसन्स आणि फॉन्ट बदलल्यावर फुटलेली जोडाक्षरं दुरुस्त करत बसणं. ऐन लग्नसराईत हे कुणी करत नाही. शिवाय पत्रिका लावायला आणि छपाईसाठी बटर पेपरवर प्रिंट काढायला विंडोज ७ आजही पुरतं. त्या कामाला नेटही लागत नाही.

आता अँटीव्हायरस. हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि सगळ्यात जास्त फसवतो. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. पैसे भरून वाढीव दुरुस्त्या घेणाऱ्या कंपन्यांचीही मुदत जानेवारी २०२३ मध्ये संपली. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी चालू विंडोजच्या दुरुस्त्या सोडतं. त्या आल्या की हल्लेखोर जुनी आणि दुरुस्त केलेली फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते बघतात. जे बदललं तिथे सुरक्षेतलं भोक होतं. विंडोज ७ आणि विंडोज १० यांच्या आतला बराच कोड एकाच वंशातला, त्यामुळे तेच भोक सातमध्येही असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे ते बुजवणारं कुणी उरलेलं नाही. अँटीव्हायरस आत आलेली फाइल ओळखू शकतो, काही हल्ले अडवूही शकतो, पण ऑपरेटिंग सिस्टिममधलं भोक तो बुजवत नाही. भिंतीला भगदाड असताना दाराशी वॉचमन बसवण्यातला हा प्रकार.

२०१७ चं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आठवत असेल. १२ मे रोजी ते पसरलं आणि त्यात सापडलेल्या मशीन बहुतांशी विंडोज ७ च्याच होत्या. गंमत म्हणजे त्या भोकाची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, लोकांनी ती टाकली नव्हती. पुढच्याच महिन्यात तेच भोक वापरणाऱ्या नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. तेव्हा दुरुस्ती निदान उपलब्ध तरी होती. आज विंडोज ७ साठी ती येतच नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे: मशीन एकच ठेवा, पण कामं दोन करा. डीटीपी, म्हणजे पत्रिका-बिलबुकांचं काम, विंडोज ७ वर, नेट बंद करून. नेटचं सगळं लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम), त्याच मशीनमध्ये, वेगळ्या डिस्कवर.

लिनक्सचं नाव काढलं की घरातले बिचकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, त्यातल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. कमीत कमी २ जीबी रॅम लागते, तुमच्याकडे ४ आहे. (जुनी डीडीआर ३ ची आणखी एक ४ जीबीची पट्टी मिळाली तर जरूर टाका, फरक लगेच जाणवेल.) खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, फायरफॉक्स ब्राउझर आधीच बसवलेला. बाबांना विंडोज ७ इतकंच ओळखीचं वाटेल. आयएसओ फाइल (ज्यात अख्खं मिंट असतं) मिंटच्या स्वतःच्या साइटवरून उतरवायची आणि ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रूफस या छोट्या प्रोग्रामने चढवायची. रूफसची नवी आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही, ३.२२ ही शेवटची चालणारी. पण हे काम दुसऱ्या कुणाच्या नव्या लॅपटॉपवर केलंत तर उत्तमच. मग पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना बूट मेनूची (कुठून सुरू व्हायचं ते निवडायची) कळ दाबायची. मदरबोर्डप्रमाणे ती एफ ८, एफ ११ किंवा एफ १२ असते. काहीही इन्स्टॉल न करता मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालू होतं. इंटरनेट लागतंय का, आवाज येतोय का, यूट्यूब अडकत नाही ना, हे तिथेच बघून घ्या.

पटलं की एक छोटी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी चालणारी वेगवान डिस्क) आणा. इथे एक गोष्ट काटेकोरपणे करा: मिंट बसवायच्या आधी मशीन बंद करून जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा. नवीन एसएसडी एकटीच जोडलेली असेल, तर इन्स्टॉल करताना कुठलंही बटण दाबलं गेलं तरी बाबांच्या फायलींना धक्का लागत नाही. एकाच डिस्कचे भाग पाडून दोन सिस्टिम ठेवता येतात, नेटवर त्याचेच व्हिडिओ जास्त सापडतील. पण ज्या डिस्कवर घराचा धंदा आहे तिच्यावर असले प्रयोग मी कुणाला करू देणार नाही. बसवून झालं की जुनी केबल परत जोडा आणि बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) एसएसडी पहिली लावा. मशीन सुरू केलं की मिंट येईल. पत्रिका लावायची असेल तेव्हा बूट मेनूतून जुनी डिस्क निवडायची.

आता विंडोज ७ चं नेट तोडायचं. दर वेळी लॅन केबल उपसणं आठवडाभर जमेल, मग कुणीतरी विसरेल. त्यापेक्षा विंडोजमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडा, जे ॲडॉप्टर दिसेल त्यावर राइट क्लिक करून डिसेबल करा. वायफाय असेल तर तेही. ही सेटिंग फक्त विंडोजची असल्यामुळे मिंटमध्ये तीच केबल बिनबोभाट चालते. ब्राउझर, मेसेंजर, जुना फ्लॅश, जावा हे सगळं अनइन्स्टॉल करून टाका. डेस्कटॉपवर क्रोमचं चिन्ह दिसलं की हात तिकडे जातोच.

गिऱ्हाइकाचं मॅटर व्हॉट्सॲपवर आलं तर मिंटमध्ये उतरवायचं. मिंटला विंडोजची डिस्क दिसते, तिथे ‘आलेलं’ असा एक फोल्डर करून त्यात टाकायचं, मग विंडोजमध्ये जाऊन उघडायचं. प्रूफ पाठवायचं तर उलट वाटेने. हो, मध्ये रीस्टार्ट होतो. दिवसातून दहादा मॅटर येत असेल तर हा कंटाळवाणा प्रकार आहे, आणि तेव्हा प्रूफची देवाणघेवाण फोनवर ठेवून फाइल यूएसबी केबलने मशीनवर घेणं सोपं पडेल. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९०० असेल (डीटीपीवाल्यांकडे बहुधा तोच असतो) तर प्रिंटिंग विंडोजवरच राहू द्या, लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं खटाटोपाचं आहे.

नेट तोडलं तरी एक वाट उघडी राहते: पेन ड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेल्या पेन ड्राइव्हवर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले बाबांनी नक्की पाहिले असतील. त्यात फोल्डर गेलेले नसतात. व्हायरस ते लपवतो आणि त्याच नावाचा, फोल्डरचंच चित्र असलेला शॉर्टकट पुढे ठेवतो. त्यावर डबल क्लिक केलं की फोल्डरही उघडतो आणि मागे व्हायरसही चालू होतो, म्हणून शंका येत नाही. खूण एकच, चित्राच्या कोपऱ्यातला तो छोटा बाण. असा पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये उघडायचाच नाही. मिंटमध्ये लावा, व्हायरसने लपवलेले फोल्डर तिथे सहसा दिसतातच (न दिसले तर कंट्रोल आणि एच दाबा), हवी ती फाइल तेवढी उचला. विंडोजसाठी लिहिलेला तो व्हायरस तिथे आपसूक चालत नाही. आणि विंडोजमध्ये फोल्डर ऑप्शन्समधून ‘हाइड एक्स्टेन्शन्स’ची टिक काढून टाका, म्हणजे ‘पत्रिका.पीडीएफ’ असं दिसणाऱ्या फाइलच्या शेवटी ‘.ईएक्सई’ आहे हे डोळ्यांना दिसेल.

बॅकअपबद्दल एवढंच: बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्याला कोरलच्या फायली आणि फॉन्टचा फोल्डर तिच्यावर टाका आणि काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर आल्यावर मशीनबरोबरच लॉक होते.

आता, तुम्ही लिहिलंय की मशीनमध्ये मोठा बदल करायला महिनाभर तरी वेळ नाही. तोवर विंडोज ७ वर नेट वापरणारच असाल तर नुकसान कमी करणाऱ्या काही गोष्टी आजच करा. क्रोम काढा. विंडोज ७ साठीचं शेवटचं क्रोम १०९, ते जानेवारी २०२३ मधलं. त्याऐवजी फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती घ्या. विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची, पण मोझिलाने तिच्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत अनेकदा वाढवली. अबाउट फायरफॉक्समध्ये अपडेट अजून येतात का ते बघत राहा, थांबले की तोही सोडायचा. त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. फुकट सॉफ्टवेअरच्या साइटवर चार हिरवी ‘डाउनलोड’ बटणं दिसतात ना, त्यांतली तीन जाहिराती असतात. ती दिसेनाशी झाली की अर्धे अपघात टळतात.

दुसरं, रोजच्या वापराचं अकाउंट स्टँडर्ड करा, ॲडमिनिस्ट्रेटर वेगळं ठेवा. काही बसवायचं असेल तेव्हा पासवर्ड विचारेल, आणि तुम्ही काहीच बसवत नसताना विचारला तर काहीतरी गडबड आहे. नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ निवडा, फाइल शेअरिंग आणि रिमोट डेस्कटॉप बंद. नेट राउटरमधूनच घ्या. काही ठिकाणी केबलवाला वायर थेट कॉम्प्युटरला जोडून डायलरने चालू करून देतो, तसं असेल तर आधी साधा राउटर आणा. तो मध्ये असला की बाहेरून कुणालाही तुमच्या मशीनचा दरवाजा थेट ठोठावता येत नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला जास्त खटकली: ‘बऱ्याच साइटवर कनेक्शन सुरक्षित नाही असं येतं, आम्ही ॲडव्हान्स्डमधून पुढे जातो.’ ही सवय आजपासून बंद. आधी खाली उजवीकडे तारीख बघा. मशीन बंद करून चालू केल्यावर ती दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा सेल संपलाय. तारीख चुकीची असली की ब्राउझरला साइटची प्रमाणपत्रं (साइट खरी असल्याचा पुरावा) एकतर जुनी वाटतात किंवा अजून सुरू न झालेली. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल तर विंडोजकडची मूळ प्रमाणपत्रांची यादीच जुनी असू शकते. सप्टेंबर २०२१ अखेर असं एक मोठं प्रमाणपत्र संपलं आणि जुन्या मशीनवर चांगल्याभल्या साइटही लाल दिसू लागल्या. फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगतो, त्यामुळे तिथे हा त्रास बहुतेक जातो. तरीही इशारा आला तर ती साइट त्या दिवशी बघायची नाही. रोज खोटे इशारे ओलांडायची सवय लागली की खरा इशाराही तसाच ओलांडला जातो.

बँक मात्र या महिनाभरातही त्या मशीनवर नको. अपडेट मिळणाऱ्या फोनवर बँकेचं ॲप वापरा. मिंट बसल्यावर कॉम्प्युटरवरून करायचंच असेल तर पत्ता हाताने टाइप करा, गुगलमध्ये बँकेचं नाव शोधून पहिल्या दुव्यावर जाऊ नका. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘.बँक.इन’ने संपणाऱ्या पत्त्यांवर जायला सांगितलं होतं, तेव्हा पत्त्याचं शेपूट बघायची सवय लावा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, शाखा उघडायची वाट बघायची नाही.

‘सरळ विंडोज १० टाकलं तर?’ असंही विचारलंय. आता त्यात अर्थ नाही. त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापराला दिलेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. दुकानदार ‘जुगाड करून बसवून देतो’ म्हणेल, वर ॲक्टिव्हेटरही (लायसन्स नसताना विंडोज चालवणारा प्रोग्राम) टाकेल. ज्या ॲक्टिव्हेटरसाठी आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, त्याच्यात आणखी काय भरलंय हे त्या दुकानदारालाही माहीत नसतं.

बसवायला घ्याल तेव्हा मला फक्त एक सांगा, नेट लॅन केबलने आहे की यूएसबी वायफाय डोंगलने. केबल असेल तर काही बघायला नको, एका दुपारचं काम आहे. डोंगल असेल तर त्याच्या मागचा मॉडेल नंबर इथे टाका. काही स्वस्त डोंगल मिंटमध्ये मुकाट्याने चालतात, काहींसाठी ड्रायव्हर वेगळा उतरवावा लागतो, आणि तो नेट नसताना उतरवता येत नाही.