वाचकांचे प्रश्न : विजेचे बिल, विजेची वेळ आणि आपला हक्क

उन्हाळ्याची बिले हातात पडल्यापासून विजेविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत.

मे महिन्यात आमचा वापर ३१० युनिटांवर गेला आणि बिल एकदम फुगले. ३०० च्या पुढे एक युनिट जरी गेले, तरी सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का? (एक गृहिणी, नाशिक)

नाही. महावितरणच्या घरगुती दरांत १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातील युनिटांना लागतो. आपल्या ३१० युनिटांपैकी पहिली १०० सर्वांत स्वस्त दराने, पुढची २०० त्यावरच्या दराने आणि शेवटची केवळ १० युनिटे तिसऱ्या दराने मोजली जातात. बिल फुगते ते दुसऱ्या कारणांनी. १०० युनिटांनंतर दराची पायरी बरीच उंच आहे. शिवाय वीज आकारासोबत स्थिर आकार, वहन आकार (वीज तारांतून आणून देण्याचा खर्च) आणि वीजखरेदीचा खर्च वाढला असेल तर इंधन समायोजन आकार लागतो, आणि मग घरगुती ग्राहकाला त्यावर १६ टक्के वीज शुल्क पडते. बिलावरच्या मागील आणि चालू रीडिंगच्या तारखाही जरूर पाहा. रीडिंग ३० ऐवजी ३८ दिवसांनी घेतले असेल, तर टप्पेही त्या प्रमाणात वाढवून मिळाले पाहिजेत.

बचत नेहमी वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून होते, हे लक्षात ठेवल्यास हिशेब सोपा जातो. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिटे खातो. ३० वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात ११ युनिटांच्या आत राहतो. असे तीन पंखे बदलले तर सुमारे ४८ युनिटे वाचतात.

आमच्याकडे स्मार्ट मीटर बसला आहे. दिवसाच्या वापराला सवलत आहे म्हणतात. पण आम्ही दोघेही सकाळी आठला घर सोडतो. दिवसा वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग, हा प्रकार कशासाठी? (एक नोकरदार जोडपे, पुणे)

तारेत वीज साठून राहत नाही. ज्या क्षणी आपण बटण दाबतो, त्याच क्षणी कुठल्यातरी केंद्रात तेवढी निर्मिती व्हावी लागते. ती कमी पडली की ग्रिडची, म्हणजे सगळी वीजकेंद्रे आणि ग्राहक जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याची, वारंवारिता ५० हर्ट्झच्या खाली घसरू लागते. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात चोवीस तास हाच तोल सांभाळला जातो. भर दुपारी सौरप्रकल्प जोरात असतात आणि त्यांना इंधनाचा खर्च नसतो. सूर्य मावळतो तेव्हा ही निर्मिती काही तासांत शून्यावर येते, आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, मिक्सर, टीव्ही आणि एसी सुरू होतात. ती खिंड लढवायची ती कोळशाच्या संचांनी आणि कोयनेने. कोयनेची जलविद्युत केंद्रे मिळून १,९६० मेगावॅट क्षमतेची आहेत आणि काही मिनिटांत सुरू होतात. परंतु पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीसाठी वापरायचे पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधून दिलेले आहे. म्हणून ते पाणी गाठीच्या पैशासारखे, अडीअडचणीलाच काढायचे असते. संध्याकाळचे युनिट महाग का, याचे उत्तर इथे आहे.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार दराची चौकट ठरवली आणि महावितरणने जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी दिवसाच्या वापरावर सवलत जाहीर केली. हे धोरण योग्य आहे असे मला वाटते, पण ते अपुरे आहे. दिवसा घरी असणाऱ्याला आणि दुपारी एसी लावू शकणाऱ्याला जो फायदा मिळतो, तो सकाळी आठला कुलूप लावून जाणाऱ्याला मिळत नाही. आपल्यासारख्यांनी कपडे धुण्याचे यंत्र टायमरने दुपारी लावावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोसायटीच्या सभेत पाण्याच्या पंपाचा विषय काढावा. वरची टाकी संध्याकाळी सातऐवजी दुपारी एकला भरली तर कोणाचेही काही अडत नाही. पंपाच्या जोडणीला कोणता दर लागतो, तेवढे आधी पाहून घ्यावे.

दुपारची वीज संध्याकाळसाठी राखून ठेवण्याची सोय मोठ्या प्रमाणावर उभी राहिल्याशिवाय मात्र दर खऱ्या अर्थाने आटोक्यात येणार नाहीत. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. जास्तीची वीज असते तेव्हा तेथे पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. सह्याद्रीच्या कड्यांनी आपल्याला अशा जागा दिलेल्या आहेत.

एक खुलासा : स्मार्ट मीटर लागल्यानंतर मंजूर भारापेक्षा (जोडणीसाठी ठरलेल्या वीजमागणीच्या मर्यादेपेक्षा) जास्त भार आढळला, तरी मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी त्याबद्दल दंड लावता येत नाही, असे २०२३ च्या त्याच दुरुस्तीत म्हटले आहे.

आम्हाला शेतीपंपाची वीज मोफत झाली, पण लाईट येते रात्री. बिबट्याच्या भीतीने दारे धरायला (पिकाला पाणी द्यायला) दोघे-तिघे जावे लागते. त्यात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की पीक करपते. अशा मोफत विजेचा उपयोग काय? (एक शेतकरी, जुन्नर तालुका)

आपले म्हणणे अगदी रास्त आहे, आणि शहरातल्या वाचकांनी हे पत्र दोनदा वाचावे अशी माझी विनंती आहे. मध्यरात्री चिखलात, हातात बॅटरी घेऊन उसाच्या कडेने चालणाऱ्या माणसाला युनिटचा दर शून्य असल्याचे समाधान कसे वाटणार?

आधी पैशाचे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी वीज मोफत आहे आणि सुमारे ४४ लाख शेतकरी तिच्यात येतात. ही वीज कोणालातरी विकत घ्यावीच लागते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६५ नुसार सवलत जाहीर करणाऱ्या सरकारने तिची रक्कम वीज कंपनीला आगाऊ दिली पाहिजे. ती उशिरा आली की कंपनी कर्ज काढते, देखभाल मागे पडते आणि आपल्या डीपीला लागणारे ऑईलसुद्धा वेळेवर मिळत नाही. बाकीचा बोजा उद्योग आणि दुकानदारांच्या दरांत चढतो. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने धरला जातो, त्यामुळे दुसरीकडची गळती त्या अंदाजात लपू शकते आणि बोल मात्र शेतकऱ्याला लागतो. प्रत्येक कृषी वाहिनीच्या (शेतीपंपांना वीज देणाऱ्या लाईनच्या) मीटरचे आकडे गावात लावले, तर हा आरोप सिद्ध तरी होईल किंवा कायमचा मिटेल.

आता वेळेचे. पंपांना लागणारा थ्री फेज पुरवठा आळीपाळीने दिवसा ८ किंवा रात्री १० तास देण्याची पद्धत आहे. तिच्यातून सुटण्याचा आज दिसणारा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे सौर कृषी वाहिनी. ही योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौरप्रकल्प उभारून त्याची वीज थेट गावच्या कृषी वाहिनीला द्यायची, म्हणजे पंप दिवसाच चालतात. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये मिळतात आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ होते. आपले उपकेंद्र या योजनेत आहे का, हे ग्रामसभेच्या ठरावाने लेखी विचारा.

डीपी जळण्यामागे एक कारण आपल्या हातातले आहे. गेलेली लाईट परत येते तेव्हा ऑटो स्विचमुळे सगळे पंप एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट विद्युतप्रवाह ओढते. वीस पंपांचा असा झटका एकदम बसला की फ्यूज उडतात, आणि त्या जागी जाड तार टाकलेली असेल तर थेट डीपीच जळते. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून ऑटो स्विच काढावेत आणि प्रत्येक पंपाला कपॅसिटर जोडावा. मात्र क्षमतेपेक्षा जास्त जोडण्या एकाच डीपीवर असतील, तर तो दोष शेतकऱ्याचा नव्हे, आणि तिथे जादा डीपी मागण्याचा आपला हक्क आहे.

छतावर सोलर बसवले, तरी लाईट गेल्यावर घरात अंधारच होतो. आमची फसवणूक झाली का? (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

नाही. ग्रिडशी जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच बंद व्हावाच लागतो. नाहीतर आपल्या छतावरची वीज खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर उठेल. अंधारात दिवे हवे असतील तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेतील अनुदान (१ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये) बॅटरीसाठी नाही. विक्रेत्याने हे आधीच सांगायला हवे होते.

माझे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. दरमहा हजार-बाराशे येणारे बिल अचानक अठरा हजार आले. आधी पूर्ण भरा, मग तक्रार करा, नाहीतर लाईन तोडू, असे तोंडी सांगितले. काय करू? (एक वाचक, लातूर)

तोंडी सांगण्याने वीज तोडता येत नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार लेखी नोटीस देऊन पूर्ण १५ दिवस थांबावे लागते. त्याच कलमात अशीही तरतूद आहे की, बिल मान्य नसल्यास मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. आपल्या बाबतीत ही रक्कम हजार-बाराशेच्या आसपास येईल. दोन वर्षांहून जुनी आणि मधल्या बिलांत सतत थकबाकी म्हणून न दाखवलेली रक्कम अचानक चढवली असेल, तर तिच्यासाठीही वीज तोडता येत नाही.

रक्कम निषेध नोंदवून भरताना जो अर्ज द्याल, त्यातच पडताळणी मीटर मागा. रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यावर पाच दिवसांत जादा मीटर लावून किमान तीन महिने वापर तपासावा, असे ग्राहक हक्क नियमांतील २०२४ ची दुरुस्ती सांगते. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यानंतर मुंबई व नागपूर येथे विद्युत लोकपाल आहेत. तिथे वकील लागतोच असे नाही. अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या आणि ती प्रत भरलेल्या रकमेच्या पावतीसह दुकानातच ठेवा. लाईन तोडायला कोणी आले, तर ती लगेच दाखवता आली पाहिजे.