घरच्या दुर्बिणीतून काढलेल्या गुरूच्या फोटोंचा शास्त्रज्ञांना खरंच उपयोग होतो का?

अवकाशात हबल दुर्बीण आहे, गुरूभोवती जुनो यान फिरतंय, मग आठ इंची दुर्बीण घेऊन गच्चीवर रात्र जागवून विज्ञानाला काय मिळतं, असं तुम्ही विचारलंय. उपयोग होतो, नक्की होतो. फक्त फोटो कोणत्या मिनिटाला काढला ते अचूक माहीत हवं. ते माहीत असेल तर जरा धूसर फोटोसुद्धा मोजमापाला चालतो. ते नसेल तर कितीही सुरेख फोटो भिंतीवर लावण्यापुरताच.

गुरू एवढा अवाढव्य, पण दहा तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी पूर्ण करतो. म्हणजे मिनिटाला सुमारे 0.6 अंश. त्यात भर म्हणजे सगळे ढग एका वेगाने फिरत नाहीत. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यासाठी 9 तास 50 मिनिटं 30 सेकंद धरतात, त्याच्या उत्तर-दक्षिणेला 9 तास 55 मिनिटं 41 सेकंद. म्हणून रेखांशाच्या मोजपट्ट्याही वेगवेगळ्या. तुमच्या दुर्बिणीतून दिसणारा मोठा तांबडा डाग, म्हणजे गुरूवरचं प्रचंड वादळ, तोसुद्धा जागेवर नसतो. अलीकडच्या वर्षांत तो महिन्याला साधारण दीड-दोन अंश मागे सरकतोय. हे सरकणं एका फोटोतून कधीच कळत नाही. त्यासाठी महिनोन्‌महिने, जमेल त्या प्रत्येक रात्रीचे फोटो लागतात.

आणि नेमकं तेच मोठ्या यंत्रांना जमत नाही. हबल बाह्य ग्रहांच्या नियमित पाहणीत वर्षातून एकदा गुरूच्या दोन गिरक्या टिपतं. जुनो कित्येक आठवड्यांतून एकदा ग्रहाजवळून जातं आणि त्या थोड्या वेळात ढगांचा एक चिंचोळा भाग विलक्षण बारकाव्यांनिशी दाखवतं. मधल्या दिवसांत काय घडलं? ते हौशी लोकांच्या फोटोंवरून कळतं. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा गुरू विभाग एकोणिसाव्या शतकापासून अशा नोंदी जमवतोय. पूर्वी लोक दुर्बिणीच्या नेत्रिकेला डोळा लावून, एखादा डाग ग्रहाच्या मध्यरेषेवर आला की घड्याळातली वेळ लिहून ठेवत. आज कॅमेरे आले, पण पद्धतीचा गाभा तोच आहे.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण 31 मे 2020 चं. दक्षिण आफ्रिकेतल्या सेंच्युरियनचे क्लाइड फॉस्टर मिथेन फिल्टर लावून गुरूचे फोटो काढत होते. हा फिल्टर 889 नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश आत सोडतो. गुरूवरचा मिथेन वायू तो प्रकाश शोषतो, त्यामुळे खोलवरचे ढग काळे दिसतात आणि उंच गेलेले तेवढे उजळतात. तांबड्या डागाच्या आग्नेयेला त्यांना एक नवा तेजस्वी ठिपका दिसला. काही तासांपूर्वी ऑस्ट्रेलियातून काढलेल्या फोटोंत तो नव्हता! खालून उसळून वर आलेलं ते ताजं वादळ होतं. दोनच दिवसांनी, 2 जूनला, जुनो त्या भागाजवळून गेलं आणि त्याने त्याचे जवळून फोटो घेतले. यानाने ढगांची घडण दाखवली. वादळाची जन्मवेळ मात्र ऑस्ट्रेलियातला ठिपका नसलेला फोटो आणि आफ्रिकेतला ठिपका असलेला फोटो यांनी मिळून सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या ज्यांनी ‘आज काही विशेष नाही’ असा फोटो काढला, त्यांचंही काम तेवढंच मोलाचं, असं मला मनापासून वाटतं.

फिलिपिन्सच्या ख्रिस्तोफर गो यांनी फेब्रुवारी 2006 मध्ये ‘ओव्हल बीए’ हे पांढरं वादळ तांबडं झाल्याचं पहिल्यांदा लक्षात आणून दिलं. हे वादळ तीन जुन्या पांढऱ्या वादळांच्या 1998 आणि 2000 मधल्या विलीनीकरणातून बनलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या अँथनी वेस्ली यांना 19 जुलै 2009 ला दक्षिण ध्रुवाजवळ जो काळा डाग दिसला, तो कसल्यातरी धडकेचा व्रण निघाला.

आता मी काय करते ते सांगते. साताऱ्यात आमच्या गच्चीवरून दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ घेते, त्याहून लांब नाही, कारण तेवढ्यात ग्रह फिरून बारकावे पुसट व्हायला लागतात. हजारो फ्रेम्समधल्या हवा स्थिर असतानाच्या तेवढ्या ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरने निवडून एकावर एक रचायच्या. मग तो फोटो विनज्यूपॉस या ग्रहांवरची ठिकाणं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा, वेळ भरायची, ग्रहाच्या कडेवर चौकट बसवायची आणि डागावर क्लिक करायचं. रेखांश-अक्षांश समोर येतात. दोन-तीन रात्रींचे फोटो जोडले की अख्ख्या ग्रहाचा सपाट नकाशा तयार होतो. पहिला नकाशा पूर्ण झाला त्या पहाटे मी झोपलेच नाही.

पहिल्या वर्षी मात्र माझी तीन महिन्यांची मोजमापं वाया गेली. वेळ जागतिक प्रमाणवेळेत भरायची असते हे मला ठाऊक होतं. आपले साडेपाच तास वजा करायला विसरलं तर डाग जवळजवळ 200 अंश दूर, ग्रहाच्या पार मागे जातो, त्यामुळे ती चूक लगेच कळते. माझ्या लॅपटॉपचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं, ती चूक मात्र कळली नाही. चार मिनिटं म्हणजे 2.4 अंश, तांबड्या डागाच्या अक्षांशावर जवळपास 2800 किलोमीटर. आणि चूक रोज थोडी वाढत गेलेली, त्यामुळे डाग सरकतोय की घड्याळ, हे वेगळं काढणं शक्यच नव्हतं. हे कळलं त्या रात्री खूप वाईट वाटलं.

ती चूक आयोने पकडून दिली. गुरूसमोरून जाणारा हा चंद्र चार मिनिटांत स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त अंतर कापतो. माझ्या फोटोतला आयो आणि सॉफ्टवेअरने त्या वेळेसाठी दाखवलेला आयो शेजारी शेजारी, एकमेकांपासून सुटे दिसत होते.

आपल्याकडे अडचण पावसाची. प्रतियुती, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि गुरूच्या मधे येऊन गुरू रात्रभर दिसतो तो काळ, दर 13 महिन्यांनी येते. ती जून ते सप्टेंबरमध्ये आली की महाराष्ट्रातून उत्तम काळ ढगांतच जातो. हिवाळ्यात आली तर गुरू डोक्याजवळ असतो आणि जपान-फिलिपिन्समध्ये गुरू मावळतीकडे झुकल्यावर युरोपात तो पुरेसा वर येईपर्यंतच्या तासांत आपली फार गरज असते. त्या तासांतले फोटो कमी पडतात.

तेव्हा तुमच्याकडे आठ इंची असेल तर नवीन काही विकत घेण्याआधी लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटशी जुळवा. पहिले काही फोटो मुद्दाम एखादा चंद्र किंवा त्याची सावली गुरूवर असताना घ्या आणि विनज्यूपॉसशी ताडून बघा. चंद्र जागेवर बसला की डाग मोजायला सुरुवात करा.