पाण्याकाठचे प्रश्न : लष्करी अकादमीत मासेमारीचा क्लब कशाला?

प्रश्न : आदरणीय सुभेदारसाहेब, माझा मुलगा एनडीएच्या परीक्षेची तयारी करतोय. अमेरिकेतल्या एका लष्करी अकादमीत फ्लाय फिशिंगचा जुना क्लब आहे, असं त्यानं कुठंतरी वाचलं आणि तेव्हापासून सुट्टी मिळाली की रंकाळ्यावर जाऊन बसतो. त्याचे वडील म्हणतात, गळ टाकून बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. फौजेत याचं काय काम? आणि आपल्या गळापेक्षा ते वेगळं कसं?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. रंकाळ्यावर आपण कणकेची गोळी नाहीतर गांडूळ लावतो आणि शिसं बांधतो. त्या वजनानं दोरा लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून किड्यासारखी माशी तयार करतात. तिला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून दोरच जड ठेवतात आणि काठीनं तो हवेत मागं-पुढं खेळवून माशी अलगद पाण्यावर ठेवतात. मागं गेलेला दोर पुरता उलगडेपर्यंत हात थांबवावा लागतो. घाई केली किंवा ताकद लावली, की सगळा दोर पायाशी येऊन पडतो.

मी हे काश्मीरमध्ये शिकलो, लिद्दर नदीच्या काठी. आमच्या कंपनी कमांडर साहेबांनी चार दिवस मला नुसत्या गवतावर दोर फेकायला लावला. पाचव्या दिवशी म्हणाले, "आता काठी खाली ठेव आणि पाणी बघ." खडकामागं प्रवाह कुठं मंदावतो, मासा तोंड कुठं करून उभा आहे, आपली सावली कुठं पडते. मासा प्रवाहाकडं तोंड करून असतो, म्हणून आपण खालच्या अंगानं, त्याच्या पाठीमागून जायचं. गस्तीवर जाणाऱ्या जवानाला आणखी काय शिकवतात? तिथला ट्राउट मासाही मूळचा काश्मीरचा नाही. १८९९ साली विलायतेहून आणलेली अंडी वाया गेली, १९०० साली पुन्हा आणली ती जगली.

आता अमेरिकेचं. तिथल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीची स्थापना १८०२ सालची, अगदी हडसन नदीच्या काठावर. तिथून १८५२ साली बाहेर पडलेला जनरल जॉर्ज क्रूक मासेमारीचा मोठा शौकीन होता. १७ जून १८७६ रोजी तिथल्या मूळ रहिवासी जमातींशी झालेल्या रोजबडच्या लढाईत तो अडला आणि मागं गूज क्रीक ओढ्याकाठी तळ टाकून बसला. तिथं त्याची माणसं ट्राउट धरत होती, आणि २५ जूनला लिटल बिगहॉर्नला त्याच मोहिमेतला घोडदळाचा अधिकारी कस्टर आणि त्याची तुकडी त्याच जमातींच्या हातून मारली गेली. तुमच्या यजमानांचा आक्षेप इथं खरा ठरतो, हे मी मान्य करतो. छंदाला वेळ असते, ती चुकवू नये. त्याच अकादमीतून १९१५ साली बाहेर पडलेला आयझेनहॉवर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही कोलोरॅडोत फ्रेझरला जाऊन फ्लाय फिशिंग करायचा.

पण माझ्या मनाला सगळ्यात लागलेली गोष्ट २००५ सालची आहे. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात एका निवृत्त नौदल कॅप्टननं जखमी जवानांना फ्लाय फिशिंग शिकवायला सुरुवात केली. हात-पाय गमावलेली पोरं रुग्णालयाच्या हिरवळीवर दोर फेकायला शिकली. माशी बांधायला बोटं पुन्हा वळवावी लागतात, नजर एका जागी ठरवावी लागते. स्फोटात पाय गेलेला आमचा एक जवान वर्षभर घराबाहेर पडला नव्हता. त्याच्यासाठी असं काही कुणी केलं असतं तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

आणि आपल्याकडंही फौज आणि मासा यांचं नातं जुनं आहे. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महाशीर हा मोठा मासा शास्त्रात पहिल्यांदा नोंदवला तो मुंबई फौजेतल्या कर्नल साइक्स यानं, १८३९ साली. त्या माशाच्या शास्त्रीय नावात 'खुद्री' हा इथला शब्द अजून तसाच आहे. पाणी नीट पाहायची सवय नसती तर हे काम त्याच्या हातून झालं नसतं. महाशीर मिळालाच तर मात्र मुलाला सांगा, ओल्या हातानं धरून सोडून द्यायचा. एवढा मोठा व्हायला त्याला फार वर्षं लागतात.

तूर्त चिलापीवर हात बसवू दे, ती छोट्या माशीला येते. मटणवाल्याच्या शेजारच्या कोंबडीच्या दुकानातून गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं मागून आणा, माझ्या सगळ्या माशा त्याच पिसांच्या आहेत. सुरुवातीला गळ लावायचाच नाही, दोराच्या टोकाला लोकरीचा लाल तुकडा बांधायचा आणि मोकळ्या मैदानावर रोज अर्धा तास फेकायचं, अभ्यासाला बसण्याआधी. रविवारी सकाळी सहा वाजता वडिलांनाही बरोबर घेऊन या. माझ्याकडं काठ्या दोन आहेत.