तिन्ही दुकानांत भाव एकच, मग घासाघीस कशाची करायची?

प्रश्न : सांगलीत नव्या फ्लॅटचा ताबा मिळालाय. आम्हा दोघांचा मिळून पगार 85,000 आणि घराचा हप्ता 24,000. दिवाळीच्या आत 55 इंची टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन घ्यायचंय. टीव्हीचा भाव तीन दुकानांत विचारला, तिन्हीकडे 58,990. ऑनलाइनही तेवढाच. ‘एमओपी आहे मॅडम, एक रुपया खाली येणार नाही,’ हे ठरलेलं उत्तर. खोक्यावर एमआरपी मात्र 94,900. चौथा दुकानदार बिलाशिवाय 52,500 ला द्यायला तयार आहे. मिस्टर म्हणतात, ही कंपन्यांची उघड लूट आहे, चौथ्याकडूनच घेऊ. फ्रिज 34,500 आणि मशीन 31,000 ला पडतंय. बचत खात्यात 80,000 आहेत. 2 लाखांची एफडी मार्चमध्ये पूर्ण होतेय, ती मोडावी का? सध्याचा 32 इंची टीव्ही जुना आहे, पण चालतोय.

उत्तर : ताई, आधी चौथ्या दुकानाचा निकाल लावू. तिथून घेऊ नका.

58,990 मध्ये 18 टक्के जीएसटी आलाच, म्हणजे जवळपास 9,000 रुपये. (32 इंचांहून मोठ्या टीव्हीवर 22 सप्टेंबर 2025 पूर्वी हाच कर 28 टक्के होता.) बिल नाही म्हटलं की हा कर वाचला असं आपल्याला वाटतं. पण दुकानदाराने माल कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरकडून रीतसर उचलला असेल, तर त्याच्या खरेदीवरचा कर त्याने तेव्हाच मोजलेला असतो. मग हे 6,490 रुपये तो कोणाच्या खिशातून सोडतोय? एक तर माल आडवाटेने आलाय. किंवा खोकं एकदा उघडून परत बंद केलंय. किंवा तुमच्या टीव्हीचं बिल तो कुठल्यातरी फर्मच्या नावाने फाडणार आहे, जिला त्या कराचं क्रेडिट हवंय, म्हणजे तो कर स्वतःच्या जीएसटीतून वजा करून घ्यायचाय. या तिसऱ्या प्रकारात टीव्ही अस्सल असतो, पण कागदोपत्री तो तुमचा नसतो. उद्या पडद्यावर उभी रेघ आली तर सर्व्हिस सेंटर पहिल्यांदा बिल मागणार आणि त्यावरचा सीरियल नंबर ताडून बघणार. वॉरंटीबाहेर पॅनेल बदलायचं तर टीव्हीच्या निम्म्याहून जास्त पैसे सहज जातात. साडेसहा हजारांसाठी एवढी जोखीम घेण्यासारखी नाही.

आता मिस्टरांच्या रागाकडे येऊ. त्यांचा राग अगदीच अस्थानी नाही, फक्त तो योग्य जागी जायला हवा.

एमआरपी ही कमाल किंमत. तिच्यावर एक रुपया घेतला तरी गुन्हा, खाली कितीही विकायला कायद्याची आडकाठी नाही. एमओपी म्हणजे मार्केट ऑपरेटिंग प्राइस, ही कंपनीने आपल्या दुकानदारांना घालून दिलेली खालची रेघ. ती खोक्यावर छापत नाहीत. दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर येते, आणि बदलली की पुन्हा येते. त्यामुळे 94,900 खोडून 58,990 लिहिलेला ‘38 टक्के सूट’चा फलक दिसला तर तो शोभेचा समजा. 94,900 ला तो टीव्ही कोणीच घेत नाही.

ही खालची रेघ कायद्यात बसते का? आपल्या स्पर्धा कायद्याच्या, म्हणजे 2002 च्या कायद्याच्या, कलम 3(4) मध्ये पुनर्विक्रीच्या किमतीवर घातलेल्या बंधनाचा उल्लेख आहे. पण ते बंधन घातलं की आपोआप गुन्हा, असं नाही. त्याने बाजारातल्या स्पर्धेला खरोखर धक्का बसतो, हे दिसावं लागतं. म्हणून निकाल दोन्हीकडे गेलेत. ऑगस्ट 2021 मध्ये स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला 200 कोटींचा दंड ठोठावला, तो डीलरने ठरल्यापेक्षा जास्त सूट देऊ नये म्हणून लावलेल्या बंधनांसाठी. ते प्रकरण गाड्यांचं असलं तरी वाचण्यासारखं आहे, कारण पडद्यामागे काय चालतं ते त्यात उघड झालं. कंपनीने नेमलेल्या एजन्सीची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जायची, जास्तीची सूट मागायची, आणि मिळाली की पुराव्यासकट कळवायची. मग कंपनीकडून दंड फक्त डीलरला नाही, तर त्या सेल्समनला आणि त्याच्या टीम लीडरलाही. हे सगळं बाहेर आलं एका निनावी ईमेलमुळे, आणि त्यातली तक्रार होती मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राबद्दल. कंपनी पुढे अपिलात गेली. त्याआधी ह्युंदाईला 2017 मध्ये झालेला 87 कोटींचा दंड अपिलात रद्द झाला होता.

तुमच्या विषयाला अधिक जवळचं प्रकरण स्वयंपाकघरातल्या चिमण्या आणि हॉब (ओट्यात बसवायच्या शेगड्या) बनवणाऱ्या काफ कंपनीचं. स्नॅपडीलवर तिचा माल एमओपीच्या खाली मिळू लागला, तेव्हा तिथल्या मालाला वॉरंटी देणार नाही, असं तिने जाहीर केलं. 2014 मध्ये आयोगाने चौकशी लावली आणि 2019 मध्ये कंपनीच्या बाजूने प्रकरण बंद केलं. युरोपात वारं उलटं आहे. 2018 मध्ये तिथल्या आयोगाने असूस, फिलिप्स, पायोनियर आणि डेनॉन-मरांट्झ यांना मिळून 11 कोटी 10 लाख युरोंहून जास्त दंड केला, तो ऑनलाइन दुकानदारांना भाव पाडू न दिल्याबद्दल. कंपन्यांचं म्हणणं सगळीकडे एकच : गिऱ्हाईक दुकानात येऊन तासभर पडदा बघणार, सेल्समनला प्रश्न विचारून भंडावणार, आणि घरी जाऊन मोबाईलवर हजार रुपये कमीने मागवणार, असं झालं तर गावातलं दुकान टिकेल कसं? यात तथ्य आहे. पण त्या दुकानाची किंमत शेवटी गिऱ्हाईकच मोजतं, हेही तितकंच खरं.

तर ‘लूट’ म्हणून आयोगाकडे जायला हरकत नाही, पण तो निकाल येईपर्यंत तुमचा टीव्हीही जुना झालेला असेल. तिन्ही दुकानदारांवर मात्र चिडू नका. सूट देताना सापडला तर त्याची स्कीम थांबते, मालाचा पुरवठा आखडतो. ‘एक रुपया खाली येणार नाही’ हे तो बहुतेक वेळा खरंच सांगत असतो.

पण बिलावरचा आकडा हलत नाही म्हणजे काहीच हलत नाही, असं नव्हे. कंपनीची नजर बिलावर असते, म्हणून सूट बिलाच्या आजूबाजूने येते. बँकेच्या कार्डावरचा कॅशबॅक हा त्यातला सगळ्यात उघड रस्ता : एमओपी जागच्या जागी राहतो, तुमच्या खात्यात तीन-चार हजार परत येतात. दुसरा रस्ता एक्सचेंजचा. भंगारवाला ज्या वस्तूचे तीनशे देईल, तिचे दुकानदार ‘जुना फ्रिज’ म्हणून अडीच हजार लावतो, तेव्हा त्याला तुमच्या फ्रिजचं प्रेम नसतं. एमओपी न मोडता तो तुम्हाला सूट देत असतो. तिसरा रस्ता वस्तूंचा. भिंतीवरचा ब्रॅकेट, स्टॅबिलायझर, वॉशिंग मशीनचं स्टँड, लिफ्ट नसेल तर वर चढवण्याची हमाली, हे सगळं मागा आणि न लाजता मागा. महिनाअखेरीला मागा. दुकानदाराचा खरा नफा कंपनीच्या टार्गेटवर मिळणाऱ्या इन्सेंटिव्हमध्ये असतो, आणि दोन नग कमी पडत असतील तर तो बराच उदार होतो.

एका गोष्टीला मात्र ठाम नाही म्हणा : एक्स्टेंडेड वॉरंटी. भाव बांधलेला असला की दुकानाची कमाई वॉरंटी आणि फायनान्स विकण्यात असते, म्हणून काउंटरवर सगळा जोर त्यावर लागतो. कंपनीची स्वतःची असेल आणि टीव्हीच्या पॅनेलसाठी असेल, तर एकवेळ विचार करा. तिसऱ्याच कंपनीचं पॅक फ्रिजवर घेऊ नका. आणि ‘दहा वर्षं वॉरंटी’ हा स्टिकर बहुतेक वेळा फक्त फ्रिजच्या कॉम्प्रेसरची किंवा मशीनच्या मोटरची गोष्ट सांगतो. सर्किट बोर्ड गेला तर त्या दहा वर्षांचा उपयोग नाही.

आता नो-कॉस्ट ईएमआय. 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांवरून झापलं होतं, कारण व्याज प्रोसेसिंग फीमध्ये लपवलेलं असायचं. आजची नो-कॉस्ट योजना वेगळ्या बांधणीची आहे. समजा वस्तू 60,000 ची, सहा हप्ते 10,000 चे, कार्डाचा दर वर्षाला 15 टक्के. बँक तुम्हाला प्रत्यक्षात 57,460 चं कर्ज देते आणि 2,540 व्याज घेते. त्या व्याजाएवढी सूट कंपनी किंवा दुकानदार आधीच कापून देतो. तुमच्यावर पडतो तो व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे 457, आणि दीड-दोनशे रुपयांची प्रोसेसिंग फी व तिच्यावरचा कर. एकूण सातशेच्या आसपास. तेवढे महिने पैसे एफडीत राहिले तर 6.5 टक्क्यांनी साधारण 1,100 मिळतात. म्हणजे फायदा आहे, पण चार-पाचशेचा, आणि एक हप्ता चुकला की तोही गेला.

इथली खरी गंमत वेगळी आहे. पूर्वी नगद मोजणाऱ्याचा शब्द दुकानात चालायचा, कारण तो व्याजाचा खर्च वाचवायचा. आता हप्त्यावाल्याला मिळणारे 2,540 भावातच धरलेले असतात, आणि नगद देणारा एमओपी पूर्ण मोजून दुसऱ्याच्या हप्त्याचं व्याज भरतो. म्हणून नगद देण्याआधी ‘फुल पेमेंटवर कुठल्या कार्डाला काय आहे’ हा प्रश्न विचारायचाच. काही नाही असं उत्तर आलं, तर हप्ता घेतलेला बरा. फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर सहीआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून ते देणं बंधनकारक आहे, आणि सगळे आकार धरून वर्षाचा दर त्यात लिहिलेला असतो.

एफडी मोडू नका. 2 लाख, 7 टक्के, सात महिने झालेत असं धरू. मध्येच मोडली की गेलेल्या काळाचा कमी दर लागतो, वर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. दोन टक्क्यांचा फरक पडला तर 2,300 रुपये गेले. पण मला त्याहून टोचतं ते वेगळंच. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही एफडी हीच तुमची अडीअडचणीची गंगाजळी दिसते. घराचा हप्ता नुकताच सुरू झालेला असताना तीन हप्त्यांचे 72,000 तरी बाजूला हवेतच, आणि ते टीव्हीसाठी हलवायचे नाहीत.

तेव्हा फ्रिज आणि मशीन आत्ता घ्या. फ्रिजचे 34,500 खात्यातून द्या, मशीन सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट हप्त्यावर, महिना 5,170 च्या आसपास. घराचा हप्ता धरून 29,000 होतात, 85,000 पगारात ते बसतं. खात्यात 45,000 उरतात, दिवाळी आणि सामान हलवायला ते लागतीलच.

टीव्ही मार्चनंतर. एमओपीच्या बाजारात भाव दुकानदार पाडत नाही, कंपनी पाडते, आणि ती पाडते आपल्या वेळापत्रकाने. टीव्हीची नवी मॉडेल्स जानेवारीच्या सुमारास जाहीर होतात आणि आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर दुकानात येऊ लागतात. त्या आधीचं मॉडेल संपवायचं असतं, तेव्हा कंपनी स्वतःच त्याची रेघ खाली आणते. तुमची एफडीही त्याच सुमारास हातात येते. शिवाय जुना टीव्ही चालू स्थितीत आहे, एक्सचेंजला तो बंद टीव्हीपेक्षा बरा. एक वर्ष जुन्या मॉडेलमध्ये तुमचं काही अडणार नाही. मालिका आणि क्रिकेट त्यावरही तेवढंच दिसतं. शोरूममधला डेमो पीस मात्र घेऊ नका. तो दिवसाला दहा-बारा तास भरपूर ब्राइटनेसवर चालून थकलेला असतो.

मिस्टर दिवाळीवर अडूनच बसले तर एक मधला मार्ग आहे. एफडी न मोडता तिच्यावर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घ्या. दर बहुधा एफडीच्या दराहून एखादा टक्का जास्त असतो. टीव्हीपुरते 59,000 पाच महिने वापरले तर वरचा खर्च अडीचशेच्या आत राहतो, आणि मार्चमध्ये एफडी पूर्ण झाली की तो वळता होतो.

टीव्ही केव्हाही घेतलात तरी बिलावर तुमचं नाव, मॉडेल आणि सीरियल नंबर आहे ना ते दुकानातच बघा. खोकं घरी कंपनीच्या माणसासमोर उघडा आणि त्याच वेळी वॉरंटीची नोंद करून घ्या. बिल द्यायला कोणी टाळाटाळ केली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अनुचित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.