वाचकांचे प्रश्न : टीईची ओळ कुठे तुटते?

प्रश्न : काका, मी कर्वेनगरला राहतो, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी एक छोटा एचटीटीपी प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या मधला निरोप्या, लिहितोय. रिक्वेस्टमधलं टीई हेडर, म्हणजे उत्तराचा मजकूर वाटेत कोणत्या रूपात पाठवलेला चालेल हे सांगणारी ओळ, वाचताना मी ओळ आधी स्वल्पविरामावर तोडतो, मग प्रत्येक तुकडा अर्धविरामावर तोडतो आणि क्यूची, म्हणजे त्या नोंदीला किती पसंती याची, किंमत फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) घेतो. साध्या ओळी नीट चालतात, पण गाइड मॅडमनी टेस्टला दिलेल्या ओळींवर फसतो. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) वापरू का? आणि हे हेडर पुढच्या सर्व्हरला जसंच्या तसं पाठवायचं ना?

उत्तर : रेग्युलर एक्स्प्रेशनच्या नादी लागू नकोस. आज चालेल, महिन्याने तुझं तुलाच वाचता येणार नाही. मॅडमच्या ओळींपैकी तू पत्रात लिहिलेली एक घेऊ. वायरवर ती रोमन लिपीत असते, इथे आपल्या लिपीत लिहितो :

टीई: ट्रेलर्स, जीझिप;क्यू=०.५, , फू;नोट="अ,ब";क्यू=०.३

जीझिप हे एन्कोडिंग, म्हणजे मजकूर दाबून लहान करायची पद्धत, आणि 'फू' हे नुसतं बनावट नाव. मॅडम हुशार आहेत. अवतरणचिन्हांतला स्वल्पविराम तुझ्या कोडला कळत नाही, म्हणून 'फू'चे दोन तुकडे होतात आणि 'ब"' नावाचं एक भलतंच एन्कोडिंग जन्माला येतं. मी रविवारच्या वर्गात अशी ओळ फळ्यावर लिहितो आणि पोरांना बोट ठेवून वाचायला लावतो, एकेक अक्षर. नाव संपेपर्यंत पुढे जा. स्पेस आणि टॅब सोडून दे. अर्धविराम आला तर पॅरामीटर सुरू, स्वल्पविराम आला तर ही नोंद संपली. अवतरणचिन्ह उघडलं, की ते बंद होईपर्यंत स्वल्पविराम, अर्धविराम कशालाही किंमत नाही. मध्ये बॅकस्लॅश आला तर त्याच्या पुढचं अक्षर डोळे मिटून घ्यायचं. एवढाच लूप आहे, सी भाषेत पानभर होतो. मधल्या दोन स्वल्पविरामांत काहीच नाही ना? अशी रिकामी नोंद गुपचूप सोडून द्यायची, नियमच तसा आहे. 'फू' तुला माहीत नाही, तर तेही सोड. आणि हेडर दोन ओळींत आलं, तर आधी स्वल्पविरामाने जोडून मग वाच.

नावांत लहान-मोठी अक्षरं सारखीच मानायची, 'क्यू'चंही तसंच.

आता तुझा फ्लोट. क्यू ० ते १ मध्ये असतो आणि दशांशचिन्हानंतर जास्तीत जास्त तीन आकडे चालतात. ०.१२३४ चूक, १.५ चूक, सुरुवातीचं शून्य नसलेला .५ सुद्धा चूक. भाषेबरोबर आलेलं फ्लोटचं फंक्शन हे सगळं आनंदाने गिळतं. काही भाषांतलं तर 'नॅन'सुद्धा, म्हणजे 'हा आकडाच नाही' असं सांगणारी किंमत. त्यापेक्षा आकडे स्वतः वाच आणि हजाराने गुणलेला पूर्णांक ठेव : ०.५ म्हणजे ५००. क्यू दिलाच नसेल तर १०००. शून्य असेल तर 'हे मला नको', आणि ०.००० हेही शून्यच.

ट्रेलर्सला क्यू नसतो, कारण ते एन्कोडिंगच नाही. चंक्ड, म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी पाठवलेला, मजकूर संपल्यावर येणारी हेडरं (ट्रेलर) मी घेईन, एवढंच त्यात पाठवणारा सांगतो. चंक्डचं नाव टीईमध्ये लिहायचंच नसतं, एचटीटीपी १.१ बोलणाऱ्याला ते यावंच लागतं. कोणी 'चंक्ड;क्यू=०' पाठवलं तर मी दुर्लक्ष करतो.

बिघडलेली नोंद दिसली तर? माझ्या मते तेवढी नोंद टाकून दे आणि पुढे जा. टीई ही नुसती पसंती आहे, सर्व्हरने ती मानलीच पाहिजे असं नाही. मजकूर प्रत्यक्षात कोणत्या रूपात पाठवलाय ते सांगणाऱ्या ट्रान्सफर-एन्कोडिंग हेडरला मात्र ही सूट देऊ नकोस. मजकूर कुठे संपतो ते त्यावर ठरतं. तिथे गोंधळ दिसला की ४०० ('रिक्वेस्ट चुकीची') देऊन कनेक्शन बंद कर. रिक्वेस्ट स्मगलिंग, म्हणजे एका रिक्वेस्टच्या पोटात दुसरी लपवून नेणं, तिथूनच घुसतं.

जसंच्या तसं पुढे पाठवायचं का? अजिबात नाही. टीई हे पुण्याच्या पीएमपीएमएल बसचं तिकीट समज, आणि थेट शेवटच्या सर्व्हरपर्यंत जाणारं ॲक्सेप्ट-एन्कोडिंग हेडर हा दिवसाचा पास. डेक्कनला गाडी बदललीस की आधीचं तिकीट संपलं. म्हणून तर टीई पाठवणाऱ्याने कनेक्शन हेडरमध्येही, म्हणजे याच टप्प्यापुरत्या हेडरांच्या यादीत, 'टीई' लिहायचं असतं. जून २०२२ च्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या मानकात हे स्पष्ट आहे. कनेक्शनमध्ये ज्यांची नावं आहेत ती हेडरं तुझ्या प्रॉक्सीने काढून टाकायची आणि पुढच्या टप्प्यासाठी स्वतःचं टीई लिहायचं, तेही स्वतःला जे पेलतं तेवढंच.

एचटीटीपी २ मध्ये कनेक्शन हेडर चालतच नाही, आणि टीईमध्ये 'ट्रेलर्स'शिवाय दुसरं काही लिहिता येत नाही. हिंजवडीत नोकरीला लागलास तर बहुधा तेच दिसेल, कारण जीआरपीसी (एका प्रोग्रामने दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन बोलवायची पद्धत) 'टीई: ट्रेलर्स' पाठवतं आणि कॉल यशस्वी झाला की नाही हा निकाल ट्रेलरमध्येच येतो. त्यामुळे जीझिपच्या आधी प्रॉक्सीत ट्रेलर पुढे नेण्याची सोय कर. टीईमध्ये जीझिप मागणारा ब्राउझर तुला शोधूनही सापडायचा नाही. ते काम सगळे कंटेंट-एन्कोडिंगने, म्हणजे मूळ मजकूरच दाबून, करतात. मॅडमना मात्र जीझिपही चालवून दाखव, त्या विचारणारच.